भटके की हुसकावलेले? बेघरपणाचा शोध आणि मंडळीचे कर्तव्य

अभ्यासासाठी वाचन : ईयोब २९:११-१७, यशया ५८:६-१२, नीतिसूत्रे २९:७, योहान ९:१-३



भाषांतरकाराच्या मेजावर कधी कधी एकच शब्द कित्येक दिवस अडून बसतो. यशयाच्या ५८ व्या अध्यायातील सातव्या वचनावर काम करीत असता माझे असेच झाले. देवाला कोणता उपास मान्य आहे हे सांगताना संदेष्टा म्हणतो की, भुकेल्याला आपल्या अन्नातील वाटा द्यावा आणि जे 'मरूदीम' आहेत अशा दीनांना आपल्या घरी आणावे. 'मरूदीम' हा इब्री शब्द शास्त्रात फार थोड्या ठिकाणी येतो. काही कोशकार त्याचा संबंध भटकणे या अर्थाच्या धातूशी जोडतात, तर काही जुन्या अनुवादकांनी 'बाहेर घालविलेले' असा अर्थ घेतला आहे. मी पहिल्या खर्ड्यात 'भटके' हा शब्द घातला होता.

आमच्या कामाची एक रीत आहे. खर्डा तयार झाला की तो गावांत व वस्त्यांत जाऊन वाचून दाखवावयाचा आणि ऐकणाऱ्यांना विचारावयाचे, "यातून आपणांस काय समजले?" एका शहराच्या कडेला पालांची वस्ती होती. तेथे मी हा उतारा वाचला. वाचून झाल्यावर एक वयस्क बाई म्हणाल्या, "दादा, आम्ही भटकत नाही. आम्हांला उठवतात. या जागेवर माझी तीन पोरं जन्मली. पुस्तकात लिहायचं तर नीट लिहा."

मी खर्डा बदलला. परंतु त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. 'भटके' की 'हुसकावलेले' हा केवळ कोशाचा प्रश्न नाही. बेघरपणाविषयी समाज जे काही बोलतो, त्या सर्वाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. माणसे रस्त्यावर का येतात? स्वभावामुळे की परिस्थितीमुळे? स्वतः होऊन की कोणी लोटल्यामुळे? याचे उत्तर मेजाशी बसून मिळत नाही. ते वस्तीत जाऊन, विचारून, मोजून आणि ऐकून मिळवावे लागते. अशा शोधालाच आज लोकसहभागी पाहणी किंवा समाजसंशोधन म्हणतात. त्याने काय उलगडते आणि मंडळीला त्यातून काय शिकता येईल, याचा विचार या पाठात करू.

१. पाप कोणाचे?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? (योहान ९:२). त्यांनी दोनच पर्याय ठेवले होते आणि दोन्हींत दोष त्या घराचाच होता. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. पदपथावर संसार मांडलेले कुटुंब दिसले की आपलेही असेच होते. "आळशी असतील," "दारू पीत असतील," "गावी सर्व काही असून येथे भीक मागावयास आले असतील," अशी उत्तरे आपल्याजवळ प्रश्नाआधीच तयार असतात.

कित्येक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने नाताळच्या आठवड्यात स्टेशनाबाहेर झोपणाऱ्यांना ब्लँकेटे वाटली. जानेवारी संपण्यापूर्वीच त्यांतील काही जुन्या बाजारात विक्रीला आलेली आमच्यापैकी एकाने पाहिली. मंडळीच्या सभेत मोठा संताप व्यक्त झाला. पुढील वर्षी वाटप करू नये असा ठराव आला आणि त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला. तेव्हा तरुण संघातील एक मुलगी उठून म्हणाली, "ती का विकली, हे कोणी त्यांना विचारले आहे का?" कोणीही विचारले नव्हते.

ती आणि तिचे दोन सोबती चार संध्याकाळी तेथे जाऊन बसली. त्यांना जे समजले ते फार साधे होते. ज्याला घर नाही त्याला ब्लँकेट दिवसा ठेवावयास जागा नसते. ते खांद्यावर घेऊन बांधकामावर जाता येत नाही. झाडाच्या फांदीवर ठेवले तर सफाईच्या गाडीत जाते. जे आज ना उद्या जाणारच, ते विकून काहींनी औषध घेतले होते, एकाने गावी पैसे पाठविले होते. एकाने दारू प्यायली होती, हेही त्या मुलीने सभेत लपविले नाही. परंतु आम्ही बारापंधरा माणसांविषयी जो निवाडा केला होता, तो त्या एकाच्या वर्तनावर केला होता, आणि तोही न पाहता.

२. शोध घेणे हा नीतिमत्त्वाचाच भाग

ईयोब आपल्या पूर्वीच्या दिवसांचे वर्णन करतो तेव्हा दान, विधवांचा आनंद, आंधळ्यांची सोबत यांच्याबरोबर तो आणखी एक गोष्ट सांगतो. ज्याचे प्रकरण आपल्याला ठाऊक नव्हते, त्याचा आपण कसून शोध घेत असू, असे तो म्हणतो (ईयोब २९:१६). येथे मूळ क्रियापद 'खाकर' असे आहे. खोल जाऊन धुंडाळणे, तपासणे असा त्याचा भाव आहे. स्तोत्र १३९ च्या पहिल्या वचनात देव माणसाला पारखतो असे म्हटले आहे, तेथेही हेच क्रियापद आहे. देव आपल्याला ज्या बारकाईने जाणतो, त्या बारकाईने ईयोब अनोळखी गरिबाचे गाऱ्हाणे जाणून घेत होता, असा या शब्दाचा धागा आहे.

नीतिसूत्रे २९:७ मध्येही असेच सांगितले आहे. नीतिमान मनुष्य गरिबांचा 'दीन' जाणतो. इब्री 'दीन' आणि आपला मराठी 'दीन' यांत केवळ उच्चाराचे साम्य आहे. इब्रीत त्याचा अर्थ न्यायाचा दावा, हक्क असा होतो. म्हणजे गरीब आहे हे जाणणे पुरेसे नाही. त्याचा दावा काय आहे हे जाणले पाहिजे. दुर्जनाला ते समजत नाही, असे वचनाचा उत्तरार्ध सांगतो. न समजणे हा येथे बुद्धीचा दोष मानलेला नाही, तो नीतीचा दोष मानला आहे.

नहेम्यानेही यरुशलेमात पोहोचल्यावर आधी भाषण केले नाही. तीन दिवस थांबून तो रात्री थोड्या माणसांसह निघाला व पडलेल्या तटाची पाहणी करीत फिरला (नहेम्या २:११-१६). लोकांना एकत्र बोलावणे त्यानंतर झाले. आधी पाहणी, मग बांधणी, हा क्रम आपण विसरतो.

३. यॉर्क शहरातील एक धडा

गरिबीचे कारण शोधण्यासाठी घरोघरी जाऊन केलेल्या आरंभीच्या पाहण्यांत इंग्लंडमधील यॉर्क शहराची पाहणी प्रसिद्ध आहे. सीबोम राउन्ट्री हे क्वेकर पंथाच्या कारखानदार घराण्यातील गृहस्थ. १८९९ साली त्यांनी त्या शहरातील ११,५६० कष्टकरी कुटुंबांची माहिती गोळा करविली आणि १९०१ साली ती प्रसिद्ध केली. शहरातील सुमारे २८ टक्के लोक गरिबीत होते. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष कारणांविषयी होता. किमान गरजाही भागविता येणार नाहीत एवढे ज्यांचे उत्पन्न होते, अशांपैकी निम्म्याहून अधिक लोक अशा घरांतील होते की जेथे कर्ता माणूस नियमित काम करीत होता. मजुरीच पोटाला पुरेशी नव्हती.

गरीब मनुष्य काम करीत नाही म्हणून गरीब आहे, हे मत त्या काळी चर्चमध्येही सर्रास मांडले जाई. ते मत उपदेशाने बदलले नाही. आकड्यांनी त्याला उत्तर दिले. पुढे इंग्लंडात वृद्धांचे निवृत्तिवेतन, किमान वेतन इत्यादी सुधारणांच्या चर्चेत अशा पाहण्यांचा मोठा आधार घेतला गेला.

४. मुंबईचे पदपथ : मोजणारे आणि मोजले जाणारे

आता आपल्या देशाकडे वळू. १३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि स्वतः काही पदपथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व त्या निर्णयाने प्रस्थापित केले. परंतु त्याच निर्णयाने, पदपथ हे चालण्यासाठी आहेत व रीतसर कारवाई करून ते मोकळे करण्याचा महापालिकेला अधिकार आहे, हेही मान्य केले. पावसाळा संपेपर्यंत थोडी सवलत मिळाली, एवढेच.

त्या वेळी पदपथवासीयांविषयी शहराला कितपत माहिती होती? १९७६ साली झोपडपट्ट्यांची गणना होऊन तेथील रहिवाशांना फोटोपास मिळाले होते. पदपथावरची माणसे मात्र बहुतांशी कोणत्याच यादीत नव्हती. ज्यांची नोंद नाही त्यांच्याविषयी काहीही म्हणता येते. ती आजची येऊन उद्या जाणारी, काम न करणारी, गुन्हेगारीवर जगणारी माणसे आहेत, असे म्हटले जाई.

१९८४ साली स्थापन झालेली 'स्पार्क' ही संस्था भायखळ्यात पदपथावरील स्त्रियांबरोबर काम करीत होती. निर्णयाच्याच वर्षी, १९८५ मध्ये, या संस्थेने पदपथावरील स्त्रियांच्या साहाय्याने भायखळा परिसर व काही मुख्य रस्त्यांवरील पदपथवासीयांची गणना केली. सुमारे ६,००० कुटुंबे, म्हणजे जवळजवळ २७,००० माणसे नोंदली गेली. 'आम्ही, अदृश्य माणसे' अशा अर्थाच्या नावाने तो अहवाल इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

त्यातून काय दिसले? पहिली गोष्ट, ही माणसे तात्पुरती आलेली नव्हती. अनेक कुटुंबे त्याच जागी दहा-वीस वर्षे राहत होती. दुसरी गोष्ट, ती काम करीत होती : हमाली, हातगाडी ओढणे, बांधकाम, घरकाम, फेरीचा धंदा, भंगार वेचणे. तिसरी गोष्ट, कामाचे ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि येथेच बेघरपणाचे एक मोठे कोडे उलगडते. लांबच्या उपनगरात झोपडे मिळाले असते, तरी रोजचे गाडीभाडे आणि पहाटेचे काम यांचा मेळ बसला नसता. त्यांनी छपराऐवजी भाकरी निवडली होती. दोन्ही एकत्र मिळण्याची सोय शहरात नव्हती. चौथी गोष्ट, त्यांतील बहुतेक लोक देशाच्या अत्यंत गरीब भागांतून, भूमिहीन व कोरडवाहू घरांतून आलेले होते. 'गावी पाठवा' म्हणणाऱ्यांनी, गावी काय उरले आहे, हे पाहिलेच नव्हते.

लूकाच्या शुभवर्तमानात नाव नोंदविण्यासाठी जो तो आपापल्या गावी निघाला आणि एका गरोदर स्त्रीला तिच्या पतीच्या मूळ गावात उतरावयास जागा मिळाली नाही (लूक २:१-७). मूळ गाव असणे आणि तेथे जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या गणनेचे वैशिष्ट्य केवळ तिच्या आकड्यांत नव्हते. ज्यांची मोजणी झाली त्या स्त्रियाच मोजणाऱ्यांत होत्या. कोणत्या आडोशामागे आणखी एक बिऱ्हाड आहे, रात्री दिसणारे कोण आणि दिवसा दिसणारे कोण, हे बाहेरच्या प्रगणकाला कळत नाही. त्यांना कळत होते. १९८६ मध्ये 'महिला मिलन' ही त्यांची संघटना उभी राहिली, रोजच्या थोड्या पैशांची बचत सुरू झाली, आपल्या घराचा आराखडा त्या स्वतः करू लागल्या. १९७४ पासून झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय संघटन करणारे जॉकिन अर्पुथम हे या कामात सोबत होते. पुढे १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात पदपथवासीयांनाही पात्र धरण्यात आले आणि मानखुर्द येथे त्यांच्यापैकी काहींची स्वतःची पक्की घरे झाली. १९९६ मध्ये 'स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल' स्थापन झाल्यावर ही स्वतःची मोजणी स्वतः करण्याची रीत आफ्रिकेतील व आशियातील अनेक शहरांत गेली.

५. गाव का सुटते?

शहरातील पाहणी आपल्याला गावाकडे नेते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा घरोघरी व शेतोशेती जाऊन अभ्यास केला व तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की, १७७१ साली त्या गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती, आणि तीही विखुरलेल्या तुकड्यांत. अनेक घरांना शेतीवर वर्ष काढणे अशक्य झाले होते; बाहेरची मजुरी हाच आधार होता. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती उभ्या आहेत, आणि अशा इमारती बांधावयास येणारे मजूर दुसऱ्या कोणत्या तरी गावाच्या तुटलेल्या जमिनीतून आलेले असतात.

एका शतकापूर्वीच्या या अभ्यासाचा बेघरपणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, पदपथावर दिसणारा मनुष्य साखळीचे शेवटचे टोक आहे. जमिनीचे तुकडे, दुष्काळ, कर्ज, धरणासाठी वा खाणीसाठी गेलेली जमीन, जातीमुळे गावात मिळणारी वागणूक, नवऱ्याच्या मृत्यूनंतर वा मारहाणीमुळे घराबाहेर पडलेली स्त्री, या त्या साखळीच्या कड्या होत. एकेका कुटुंबाची हकिगत ऐकली तर ती दुर्दैवाची कथा वाटते. शंभर कुटुंबांच्या हकिगती शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे त्यांत समान कड्या दिसू लागतात. संशोधनाचे काम ते हेच.

६. आकडा कसा वाचावा?

बेघरांची संख्या किती, हा प्रश्न सोपा वाटतो. तो तसा नाही. आपल्या जनगणनेत एका ठरावीक रात्री, २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री, उघड्यावर, पदपथावर, पुलाखाली, मोठ्या नळांत, जिन्याखाली, फलाटावर, देवळांच्या आवारात राहणाऱ्यांची नोंद झाली. देशभरात १७,७३,०४० बेघर माणसे नोंदली गेली. २००१ साली ही संख्या १९,४३,७६६ होती. एवढेच वाचले तर बेघरपणा घटला असे वाटेल. परंतु शहरे व खेडी वेगळी करून पाहिली तर खेड्यांतील संख्या घटली आणि शहरांतील सुमारे ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली. एकच बेरीज दोन उलट प्रवाह झाकून ठेवते.

दिल्लीत 'आश्रय अधिकार अभियान' या गटाने २००० साली रात्री फिरून ५२,७६५ बेघर माणसे मोजली आणि पुष्कळजण आपल्या मोजणीतून सुटले असणार हेही स्वतःच नमूद केले. मोजणारा प्रामाणिक असला की तो आपल्या मोजणीची मर्यादाही सांगतो. पोलिसांच्या भीतीने दडलेला, रात्रपाळीला गेलेला, सुरक्षिततेसाठी रात्रभर चालत राहणारी स्त्री, यांची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

'बेघर' हा एकच प्रकार नाही, हेही संशोधनाने दाखविले. अमेरिकेत डेनिस कल्हेन व त्यांच्या सहकाऱ्याने न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, निवाऱ्यात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक थोडे दिवस राहून पुन्हा उभे राहतात. सुमारे १० टक्के लोक मात्र दीर्घकाळ तेथेच असतात आणि निवाऱ्यांच्या एकूण दिवसांपैकी जवळजवळ निम्मे दिवस त्यांच्यासाठी लागतात. पहिल्या गटाला थोडे भाडे व काम पुरते. दुसऱ्याला कायमचे घर व त्याबरोबर उपचारही हवे असतात. दोघांना एकच औषध दिले तर दोघेही तसेच राहतात.

आपल्याकडे २०१० साली दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत तात्पुरता निवारा पाडल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यानंतरच्या आदेशांत मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा असावा असे प्रमाण घालून दिले गेले. 'चोवीस तास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रात्रपाळी करणाऱ्या हमालाला केवळ रात्री उघडणाऱ्या निवाऱ्याचा काय उपयोग? ही गोष्ट निवाऱ्यात झोपणाऱ्यालाच विचारली तर कळते.

७. इतर प्रश्नांतही हीच वाट

बेघरपणापुरतेच हे खरे आहे असे नाही. आपल्यापैकी पुष्कळांना जामखेडचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांचे कार्य ठाऊक आहे. १९७० साली ते दोघे दुष्काळी भागात वैद्यकीय सेवेसाठी गेले. लोकांशी बोलल्यावर त्यांना कळले की, लोकांना औषधाआधी पाणी व अन्न हवे आहे. त्यांनी तेथूनच आरंभ केला. पुढे बहुधा निरक्षर अशा ग्रामीण स्त्रिया आपल्या गावातील जन्म, मृत्यू व आजार यांची माहिती ठेवू लागल्या. आकडे डॉक्टरांच्या कपाटात न राहता गावाच्या बैठकीत आले.

गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी फारच थोड्यांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. सरकारी योजना तोवर स्त्रीकडे प्रामुख्याने कुटुंबनियोजनाच्या दृष्टीने पाहत होत्या. याच संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसविली; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट झाली. दुखणे लोकांना ठाऊक होतेच. ते मोजले गेल्यावर जगाला दिसले.

स्वतः मूळ भाषा शिकून बायबलचा मराठी अनुवाद करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच 'लोकस्थिती' हा शब्द आहे. शास्त्र वाचणे आणि लोकस्थिती वाचणे ही दोन्ही कामे एकाच स्त्रीने केली, हे आपण अभिमानाने आठवावे आणि अनुकरावे.

८. सावधगिरीचे दोन शब्द

ईयोबाच्या शोधाचे जे क्रियापद वर सांगितले, तेच शास्ते १८:२ मध्ये वेगळ्या हेतूने येते. दान वंशातील पाच पुरुष देश धुंडाळण्यास निघाले. त्यांना लईश येथे शांत व निर्धास्त लोक आढळले. त्यांच्या त्या माहितीचा परिणाम असा झाला की पुढे ते नगर जाळले गेले. माहिती स्वभावतः पवित्र नसते. कोणत्या पुलाखाली किती कुटुंबे आहेत ही यादी रेशनकार्ड मिळवून देऊ शकते, आणि तीच यादी पाडापाडीच्या गाडीला वाटही दाखवू शकते. म्हणून नावे कोणाकडे राहतील, कोणाला दाखविली जातील, हे आधी ठरवावे आणि ज्यांची नावे आहेत त्यांच्या संमतीनेच ठरवावे.

दुसरा धोका दावीदाच्या गणनेत दिसतो (२ शमुवेल २४). त्या मोजणीत राजाला आपल्या सामर्थ्याचा अंदाज हवा होता. आपल्या अहवालात सुंदर तक्ते यावेत, देणगीदारांना छायाचित्रे पाठवावीत, यासाठी जर आपण एखाद्या स्त्रीला तिचे दुःख पुन्हा पुन्हा सांगावयास लावीत असू, तर ती पाहणी आपलीच सेवा करते.

९. मंडळीने आरंभ कसा करावा?

आपली मंडळी मुंबईत असो, इंदूर, बडोदे, नागपूर वा दिल्लीत असो, मोठ्या निधीची गरज नाही. पुढील क्रम उपयोगी पडेल.

पहिले, एकच प्रश्न निवडावा. उदाहरणार्थ, "आपल्या मंदिराच्या अर्ध्या मैलाच्या परिसरात उघड्यावर कोण झोपतात व का?" दुसरे, परिसराचा साधा नकाशा हाताने काढावा आणि तो दिवसा व रात्री अशा दोन्ही वेळी पाहावा. तिसरे, पहिल्या भेटीत वही काढू नये; बसावे, ओळख करून घ्यावी. चौथे, त्यांच्यातील दोघा-तिघांना पाहणीत बरोबरीने घ्यावे. प्रश्न त्यांनीच सुचवावेत. पाचवे, 'का आलात' एवढेच न विचारता 'आधी कोठे होता, त्याआधी कोठे होता' असे मागे मागे जात विचारावे. साखळी तेथेच सापडते. सहावे, जे समजले ते आधी त्यांनाच वाचून दाखवावे व चुकले असेल तर दुरुस्त करू द्यावे. सातवे, त्यानंतरच मंडळीच्या सभेत मांडावे आणि निदान एक कृती ठरवावी. कृती न करता केलेली पाहणी ही केवळ कुतूहल ठरते.

आमच्या त्या सभेत काय झाले, ते सांगून हा पाठ पुरा करतो. वाटप बंद करण्याचा ठराव मागे घेतला गेला. मंडळीच्या आवारातील सामानाची एक खोली मोकळी करून तेथे फळ्या ठोकण्यात आल्या. सकाळी बोचके ठेवावयाचे, संध्याकाळी न्यावयाचे, एवढीच सोय. पहिले तीन आठवडे कोणी फिरकले नाही. आमच्यावर विश्वास ठेवावयास त्यांना वेळ लागला, आणि तो लागणे योग्यच होते. मग एक हमाल आला, त्याच्यामागून दोन बहिणी आल्या. काहींच्या बोचक्यांत शिधापत्रिका, मुलाचा शाळेचा दाखला, जमिनीचा जुना सातबारा होता. त्या कागदांकडे पाहताना मला 'मरूदीम' शब्दाचा अर्थ कोशापेक्षा अधिक स्पष्ट समजला. यांचे घर कोठे तरी होते. ते कसे सुटले, हे विचारावयास आम्ही इतकी वर्षे लावली होती.

बेघरपणा त्या खोलीने संपला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यासाठी मजुरी, जमीन, भाडे, कायदा या सर्वांना हात घालावा लागेल. परंतु अनोळखी माणसाच्या प्रकरणाचा शोध घ्यावा हे जे ईयोबाने केले, ते आपल्या हातचे आहे. ते आपण करावे.

विचारासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत गरिबांविषयी कोणती विधाने नेहमी केली जातात? त्यांपैकी किती विधाने कोणी पडताळून पाहिली आहेत?

२. ईयोब २९:१६ आणि शास्ते १८:२ यांतील शोधांमध्ये हेतूचा कोणता फरक आहे? आपल्या पाहणीचा हेतू कसा तपासावा?

३. आपल्या परिसरातील एखाद्या बेघर कुटुंबाची साखळी मागे मागे शोधीत गेल्यास ती कोठे पोहोचेल? तिच्यातील कोणत्या कडीवर मंडळी काम करू शकेल?

४. मागील वर्षी आपण जे दान केले, ते घेणाऱ्यांना विचारून केले होते काय? येत्या नाताळापूर्वी कोणाला, कोणता प्रश्न विचारता येईल?